डब्याचं दार

दौंडच्या भाजीबाजारात मी एकदा वांग्यांवर पडलो. पाय घसरून नव्हे. चालत्या गाडीतून, पाठमोरा, हातात चहाचा ग्लास असताना. आमच्या डब्याचं दार नीट लागतं की नाही हे तपासायचं काम अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्यावर सोपवलं होतं. ते लागलंय अशी खात्री करून घेऊन मी त्यालाच टेकून चहा पीत होतो, आणि बाजाराच्या तोंडाशी जो खड्डा आहे (अजून आहे, परवाच बघून आलो) त्यात चाक गेल्याबरोबर दार उघडलं. वांगीवाल्या म्हातारीनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं आधी डब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाली, "गार्डाचं पोरगं न्हवं का तू? बापानं यवढ्या मालगाड्या न्हेल्या, कवा एक पोतं सांडलं न्हाई रं त्यानं."

डबा म्हणजे चाकावरची खोली. रेल्वेत इंजिन चालवणारे एक अँग्लो-इंडियन साहेब होते, ते देश सोडून कायमचे निघाले तेव्हा अण्णांच्या दोस्तीखातर तो आमच्या दारात सोडून गेले. ते त्याला कॅरॅव्हॅन म्हणत. सुट्टीत जीपच्या मागं जोडून बायकोमुलांना घेऊन कुठंकुठं हिंडत असत. आकार उकडलेल्या अंड्यासारखा, बाहेरून पत्रा, आतून लाकूड. दोन्ही बाजूंना अरुंद पलंग, मधे उभं राहण्यापुरती जागा, आणि दोन्ही भिंतींत पुढच्या अंगाला एकेक खिडकी, पावाच्या लादीएवढी. पुढची मोठी काच कधीतरी फुटली होती, तिथं साहेबांनी पत्रा ठोकला होता. आमच्या चाळीतल्या लोकांनी कॅरॅव्हॅन हा शब्द तोंडात धरून बघितला आणि सोडून दिला. रेल्वेच्या गावात चाकावरच्या खोलीला डबाच म्हणतात. माझं नुकतं लग्न झालेलं आणि घर दोन खोल्यांचं, त्यामुळं तो डबा आमच्या वाट्याला आला होता. रात्रभर यार्डात मालगाडीच्या वाघिणी एकमेकींवर आपटायच्या, तो धक्का जमिनीतून डब्याच्या चाकात यायचा आणि आमचं दार आपोआप उघडायचं. नव्या नवरा-बायकोला याचा काय त्रास होतो हे मी इथं लिहीत नाही. हीसुद्धा हे वाचणार आहे.

अण्णा मालगाडीचे गार्ड होते, आणि घरातसुद्धा गार्डच होते. जेवताना बोलायचं नाही हा त्यांचा नियम. पानात बघायचं, आणि काय हवं-नको ते हातानं सांगायचं. हात आडवा धरून सावकाश हलवला की भाकरी येऊ दे. दोन्ही हात डोक्याच्या वर सरळ नेले की बास, थांब. हे सगळं रेल्वेच्या खुणांच्या पुस्तकातलं होतं. झेंडी हातात नसली तर गार्डानं काय करायचं ते त्यात लिहिलेलं असतं म्हणे. ही कासुर्डीहून लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या दिवशी अण्णांनी दोन्ही हात वर केले आणि हिला वाटलं सासरे आशीर्वाद देतायत. ही वाढत राहिली. अण्णा हात वर करून बसलेले आणि पानात बाजरीच्या भाकरीची चळत. शेवटी आई हसत हसत बाहेर आली म्हणून ते सुटले.

त्या हिवाळ्यात माझी थोरली बहीण शकूताई पहिलटकरीण होती. तिचं सासर शिरूरला. दाजी तिथल्या एका भाजी-व्यापाऱ्याची जीप चालवायचे. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं हे आईनं ताईच्या लग्नाच्या दिवशीच मनाशी ठरवून टाकलेलं. डिंक, खारीक, अळीव सगळं आणून ठेवलेलं, उखळात खारीक कुटून कुटून आईच्या तळव्याला घट्टे पडलेले. पण सातव्या महिन्यात न्यायचं ते राहून गेलं, आठव्यात ताईचं दुखणं निघालं, आणि शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की हिला बसून प्रवास चालणार नाही. एसटीचं नाव काढू नका. न्यायचीच असेल तर आडवी न्या, आणि सावकाश न्या. शिरूरला रेल्वे नाही. हे अण्णांना शिरूरचं मोठं वैगुण्य वाटायचं, आणि ताईचं लग्न जमताना त्यांनी ते बोलूनही दाखवलं होतं. आता ते उठले. अंगणात गेले, डब्याभोवती एक फेरी मारली, चाकं बघितली, आणि मला म्हणाले, "दाराचं बघ."

मी आयटीआयमध्ये फिटरचा कोर्स केलेला माणूस. दाराचं बघायला माझ्याइतका लायक दुसरा कोण? मी आधी नवी कडी बसवली. मग मोठी कडी बसवली. मग सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून आतून बाहेरून आवळून बघितली, फटीत पुठ्ठ्याच्या घड्या घातल्या, बिजागऱ्या काढून परत ठोकल्या. दार अंगणात असं घट्ट लागायचं की शेजाऱ्यांना बोलावून दाखवावं. पण दाजींची जीप जोडून रस्त्यावर गेलं की उघडायचं. कारण साधं होतं, ते मला वांग्यांवर पडल्यावर समजलं. डबा जुना, लाकूड वाळलेलं. एक चाक खड्ड्यात गेलं की अख्खा डबा पिळवटायचा, चौकट तिरकी व्हायची, आणि कडीची जीभ अलगद बाहेर यायची. दोष कडीत नव्हताच. आता चालत्या गाडीत आठवा महिना भरत आलेली बाई त्या दाराशेजारी आडवी असणार, आणि शिरूर ते दौंड रस्ता तेव्हा कसा होता हे ज्यांनी तो बघितलाय त्यांना सांगायला नको. माझी झोप उडाली. डोळे मिटले की दार उघडताना दिसायचं, आणि मग ताई.

शेवटी अण्णांनीच मार्ग काढला. वाघिणीचं दार कसं बंद करतात? बाहेरून. कोयंड्यात पट्टी, पट्टीत खिळा, आणि खिळ्यातून तार घालून पकडीनं पीळ द्यायचे. वर शिशाचं सील मारतात, पण "शिसं सरकारी असतं, तार आपली आहे," असं म्हणून त्यांनी नुसती तार घेतली. रिकामा डबा घेऊन आम्ही शिरूरला गेलो तेव्हा दार वाटेत एकदाही हललं नाही. अण्णा इतके खूश की उतरल्यावर त्यांनी दाराला थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारावी तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईला पलंगावर निजवलं. तिच्या सासूबाईंनी ओटी भरली. अण्णांना ही ओटी-बिटी पटायची नाही, आपण बौद्ध झालो तेव्हा हे सगळं मागं टाकलं असं ते म्हणायचे. पण विहीणबाईंपुढं गप्प बसले. हिरवंगार लुगडं, खण, नारळ, सगळं ताईच्या उशाशी ठेवलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की वाटेत काही वाटलं तर न्हावऱ्याला नर्सबाई आहेत, त्यांच्याकडं थांबा, तिथून पुढं नदी ओलांडून जाईपर्यंत कुणी मिळायचं नाही. ताईजवळ ही बसली. मलाही आत बसवलं. अण्णा म्हणाले, "माझा दारावर भरवसा नाही आणि तुझ्यावरही नाही. दोघं एकमेकांकडं लक्ष ठेवा." ही दाराकडं बघत होती. म्हणाली, "मामंजी, आतनं उघडायचं कसं हे?"

"आतनं कशाला उघडायचं?" अण्णा तारेला पीळ देत म्हणाले. "वाघिणीतला माल कधी आतनं दार उघडतो का, पोरी?"

ही माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "घ्या. आपण माल झालो."

जीप निघाली. दाजी चालवत होते आणि अण्णा मागच्या बाकावर आमच्याकडं तोंड करून बसलेले. जीपची ताडपत्री मागून गुंडाळलेली, त्यामुळं ते आपल्या गाडीवर नजर ठेवू शकत होते. गार्ड पुढं बघतच नाही. जीपचा सायलेन्सर फुटलेला होता, सगळीकडं नुसतं फडफडफडफड. दार मात्र घट्ट होतं. मी त्याच्याकडं बघत बसलो होतो, आणि मनातल्या मनात फुशारत होतो की बापाच्या बरोबरीनं मीही हे काम तडीस नेलं.

न्हावरं थोडं लांब असताना ताईनं माझा दंड धरला. धरला तो इतका जोरात की मी ओरडलो. हिनं ताईच्या पोटावर हात ठेवला आणि हिचा चेहरा बदलला.

"वन्सं, कवापासनं?"

"निघाल्यापासनं," ताई म्हणाली. "वाटलं, धक्क्यानं असंल."

"अवो, धक्क्यानं पाणी जातंय का? गाडी थांबवा! न्हावरं आलं का बघा, थांबवा गाडी!"

मी पत्र्यावर मुठी मारल्या. ओरडलो. अण्णा, दाजी, थांबा. सायलेन्सरपुढं माझा आवाज मलाच ऐकू येईना. दाराला खांदा मारला, तर अण्णांचं काम इतकं पक्कं की खांदाच दुखला. खिडकीतून डोकं घालून बघितलं, डोकं कानापाशी अडकलं. हात तेवढा बाहेर जात होता. मग सुचलं, कापड हलवावं. उशाशी हाताला जे पहिलं लागलं ते ओढलं आणि खिडकीतून बाहेर काढून जिवाच्या आकांतानं हलवायला लागलो. वाऱ्यानं ते असं फडफडलं की हातातून सुटेल की काय वाटलं. पुढच्या पत्र्याच्या फटीतून मला अण्णा दिसले. त्यांनी बघितलं. चेहरा उजळला. त्यांनी हात आडवा धरून सावकाश हलवला, आणि मागं वळून दाजींना काहीतरी सांगितलं. जीपचा वेग वाढला.

"वाढवली का वो?" ही किंचाळली. "काय दाखवलंत तुम्ही?"

मी हातातल्या कापडाकडं बघितलं. हिरवंगार लुगडं. मागच्या डब्यातून हिरवी झेंडी दिसली की गार्डाच्या लेखी एकच अर्थ: सगळं ठीक आहे, जाऊ द्या. एवढी वर्षं अण्णांनी दुसऱ्यांना हेच दाखवलं होतं. आपल्या पोरानं आपण न सांगता ते दाखवलं म्हणून माणूस आनंदानं फुलून गेला होता.

आणि न्हावरं आलं. रस्त्याकडंची पोरं हिरवं लुगडं बघून हात हलवायला लागली, एका म्हाताऱ्यानं फेटा हलवला. दवाखान्याची पांढरी भिंत माझ्या खिडकीतून आली आणि गेली. मी बघत राहिलो. पुढं नदीपर्यंत कुणी नाही. ताई ओठ चावत होती, तिचं तोंड घामानं भिजलेलं, आणि ती मधेच "बुद्धं सरणं" म्हणायची आणि मधेच आईला हाक मारायची. आज माझी साठी उलटून गेली, पण ती पांढरी भिंत खिडकीतून सरकताना अजून झोपेत दिसते.

लाल काही मिळेना. ओटीतलं कुंकू पाण्यात कालवून चादरीला लावावं असंही माझ्या डोक्यात आलं. तेवढ्यात हिनं मला गदागदा हलवलं. "अवो, मामंजी जेवताना काय करत्यात? बास म्हनायचं आसलं म्हंजी?"

"दोन्ही हात वर." पण खिडकीतून एकच हात जात होता, आणि एक हात वर केला तर नमस्कार वाटेल, राम राम वाटेल.

"मग खिडक्या दोन हायत ना! तुम्ही तिकडनं घाला, मी हिकडनं."

मी उजव्या खिडकीतून हात खांद्यापर्यंत बाहेर काढून सरळ आभाळाकडं धरला. हिनं डाव्या खिडकीतून तसाच. हिच्या हातातल्या बांगड्या पत्र्यावर वाजत होत्या. अण्णा नंतर सांगायचे ते असं: "बघतो तर काय, डब्यानंच दोन्ही हात वर केलेले. एक केसाळ, एक बांगड्यांचा." त्या माणसानं क्षणभरही विचार केला नाही. जीपचा टप बडवत "थांब! डेंजर!" अशी आरोळी ठोकली. दाजींनी ब्रेक मारला, डबा जीपवर आदळता आदळता राहिला.

न्हावऱ्याच्या पुढं एक गुऱ्हाळ लागायचं, तिथंच आम्ही थांबलो होतो. "नर्सबाई!" एवढंच मी खिडकीतून ओरडलो. दाजींनी डब्याचा हूक कसा काढला ते मी बघितलं नाही. त्यांनी जीप वळवली आणि ते मागं गेले, चप्पल रस्त्यातच राहिली. अण्णा दाराशी आले. आतून मला नुसता पकडीचा आवाज ऐकू येत होता, तारेवर घसरणारा. पीळ त्यांचेच, एकावर एक, एकसारखे, जन्मभराच्या सवयीनं दिलेले. ते काही केल्या सुटेनात. "शकू," ते बाहेरून म्हणत होते, "आलो हां शकू. आलोच." अण्णांचा तसा आवाज मी आधी ऐकला नव्हता. शेवटी तार तुटली. दार उघडलं तेव्हा त्यांच्या बोटातून रक्त येत होतं आणि ते आत बघत नव्हते, जमिनीकडं बघत होते.

दाजी नर्सबाईंना घेऊन आले. ठेंगण्या, चष्मेवाल्या, हातात पिशवी. एक नजर टाकून त्या म्हणाल्या, "आता हलवायचं नाही. सूनबाई तू थांब, पुरुष सगळे बाहेर. आणि दार लावा." मी बाहेर आलो, दार लावलं, आणि दार उघडलं. तार तुटलेली, कडीवर कुणाचाच भरवसा नाही, त्यात डबा रस्त्याच्या उताराला कललेला. दार लोटायचं आणि ते पुन्हा सावकाश उघडायचं. गुऱ्हाळावरची माणसं उसाच्या मोळ्या टाकून जमायला लागलेली. मग मी दाराला पाठ लावली, टाचा मातीत रोवल्या आणि उभा राहिलो.

"काय हाय वो आत?" एकानं विचारलं.

"अस्वल असंल. सर्कशीचा डबा हाय त्यो."

"आरं अस्वल न्हाई, त्यो मानूस बघ की कसा दाबून धरतोय. वाघ हाय."

"बाळंतीण आहे," मी म्हणालो. माझा आवाज फाटला. त्यांच्यातली एक वयस्क बाई पुढं आली. तिनं सगळ्यांना अशा शब्दांत हाकललं की ते इथं लिहिता येत नाहीत. मग ती गुऱ्हाळाच्या चुलवणावरून गरम पाण्याचं भगुणं घेऊन आली, मी फटीतून आत दिलं आणि पुन्हा पाठ लावली. पाकाचा गोड वास सुटलेला. दाजी रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून गवत उपटत होते, बरंच उपटलं त्यांनी. अण्णा डब्याभोवती फेऱ्या मारत एकेका चाकाला हात लावून बघत होते. आतून ताईचा आवाज यायचा, मग काहीच यायचं नाही. ते काहीच न येणं फार वाईट. पाठीत गोळा आला, पण मी हललो नाही. मला वाटत होतं की आता सगळं माझ्या पाठीवर आहे. मी सरकलो की दार उघडेल, आणि दार उघडलं की काहीतरी निसटून जाईल.

मग पोर रडलं. बारीक, चिडलेलं, तक्रार केल्यासारखं. दाजी गवत हातात घेऊन उठले ते तसेच उभे राहिले. अण्णांच्या खिशात घड्याळ होतं, गाडी कुठल्या स्टेशनात कधी आली याची त्यांना जन्मभर सवय, पण त्या वेळी त्यांनी ते काढलं नाही. किती वाजता झाली म्हणून आईनं पुढं कितीदा विचारलं, त्यांना सांगता आलं नाही. मुलगी. दोघी ठीक होत्या. दुपार कलल्यावर नर्सबाई सोबत बसून दौंडपर्यंत आल्या, आणि दाजींनी जीप अशी चालवली की सायकलवाले पुढं जात होते.

संध्याकाळी चाळ आमच्या दारात जमली. आई नातीला मांडीवर घेऊन बसलेली, आणि मी सगळ्यांना सांगत होतो की कसा उतार होता, कशी माणसं जमली होती, आणि नर्सबाईंचं काम होईपर्यंत मी दार कसं पाठीनं रेटून धरलं. पाठ दाखवली. कडीचा वळ उठला होता, तो शेजारच्या काकूंनी हात लावून बघितला. मी ते दोनदा सांगितलं, बहुतेक तीनदा. ही चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. सगळे गेल्यावर हिनं माझ्यापुढं ताट ठेवलं आणि तेलाची वाटी घेऊन माझ्या पाठीशी बसली.

"दार उघडाया लागलं तसं नर्सबाईंनी ते आतनं बांधून टाकलं हुतं," ही तेल लावत म्हणाली. "बँडेजची पट्टी हुती पिशवीत. मुठीला एक गाठ, पलंगाच्या पायाला एक गाठ. पान्याच्या भगुन्यापुरतं सोडलं, परत बांधलं. हत्ती आला आसता तरी उघडलं नसतं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगनार हुते. पन तुम्ही भाईर हुंदके देत हुता, त्यो आवाज आत येत हुता. वन्सं म्हनल्या, ऱ्हाऊ दे त्याला. भाईरच्या मानसाला बी काय तरी धरायला लागतंय."